रावेरच्या केळीत थंड समुद्राचं शेवाळ: एका कॅनचं प्रकरण

खानदेशात शेवाळाचा अभ्यास केलेल्या माणसाला कोणी फारसं विचारत नाही. विहिरीतलं शेवाळ मारायला काय टाकायचं आणि गच्चीवरच्या टाकीला हिरवा थर का येतो, एवढे दोन प्रश्न वर्षाकाठी येतात. मी रावेर तालुक्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.ला माझा विषय समुद्री शेवाळाचा होता. विद्यार्थी असताना गुजरातमधल्या ओख्याच्या खडकांवर ओहोटीत गुडघाभर पाण्यात उभं राहून शेवाळं गोळा केली, ती वर्तमानपत्रात दाबून वाळवली, आणि पुढे नोकरी लागली ती सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यामुळे मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या शेजारच्या गावचे अप्पा पाच लिटरचा कॅन घेऊन प्रयोगशाळेत आले आणि ‘समुद्री शेवाळ अर्क’ हे शब्द माझ्या टेबलावर ठेवले, तेव्हा मला चक्क आनंद झाला.

अप्पांचा प्रश्न साधा होता. “सर, हे शेवाळ म्हणे बर्फाच्या पाण्यात राहतं. थंडी खाऊन बसलेली चीज आहे. मंग हे केळीला पाजलं तर केळी थंडी काढेल का?”

दुकानदारानं त्यांना हेच सांगितलं होतं. सोबत एक रंगीत पत्रक होतं. त्यावर खडकाळ किनारा, हिमाचे डोंगर आणि ‘अटलांटिकच्या थंड पाण्यातून’ अशी ओळ. कॅनवर मात्र शेवाळाच्या जातीचं नाव कुठेच नव्हतं.

मी हसलो नाही. प्रश्न चुकीचा असला तरी येडा नव्हता. तो तपासायला एक हिवाळा गेला, त्याची ही हकिकत.

अप्पांची भीती

दोन एकर केळी, ग्रँड नैन जातीची टिश्यूकल्चर रोपं, जूनअखेरीस लावलेली मृगबाग. सहा बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी साधारण १४५० झाडं. डिसेंबरात झाडं डोक्यावर गेलेली, जानेवारीत निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, सुरू होणार. नेमक्या याच दिवसांत इथे थंडी पडते.

केळी मुळात उष्ण, दमट हवेतली. तापमान १२-१३ अंशांच्या खाली गेलं की पान निघायचं जवळजवळ थांबतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात महिन्याला तीन-चार पानं काढणारं झाड डिसेंबरात एखाद-दुसऱ्यावर येतं. पानं पिवळी पडतात, कडा करपतात. आमच्याकडे त्याला ‘चरका बसला’ म्हणतात. दांड्यांमधलं अंतर आखडतं, पानांचे देठ शेंड्याशी दाटीवाटीनं गोळा होतात आणि घड बाहेर पडताना गळ्यात अडकतो. कधी खोड फोडून बाजूनं बाहेर येतो. आणि जो घड आधीच बाहेर आहे त्याच्या सालीखालच्या चिकाच्या नळ्या तपकिरी पडतात. केळी पिकते, पण पिवळीधमक होत नाही, राखाडी-मळकट राहते. व्यापारी फणी हातात घेऊन सालीवर अंगठ्यानं खरवडतो आणि काही न बोलता भाव खाली आणतो.

अप्पांना आदल्या वर्षी याचा फटका बसला होता. विम्याचा आधार असतो, पण विम्याचं तापमान महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजलं जातं, अप्पांच्या नाल्याकाठी नाही. हा ‘नाल्याकाठी’ शब्द लक्षात ठेवा. तेव्हा तो माझ्याही लक्षात राहिला नव्हता.

कॅनमध्ये कोण आहे?

पत्रकावरचा फोटो मी ओळखला. ॲस्कोफायलम नोडोसम. तपकिरी शेवाळ, उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर वाढणारं: नॉर्वे, आइसलँड, आयर्लंड, स्कॉटलंड, आणि पलीकडे कॅनडाचा नोव्हा स्कोशिया आणि अमेरिकेचं मेन राज्य. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात खडकाला घट्ट चिकटून राहतं. भरतीला पाण्यात उभं, ओहोटीला खडकावर लोळलेलं. नोव्हा स्कोशियालगतच्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे पाचमजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि उघडी पडते. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी हे शेवाळ उघड्या हवेत गोठतं, भरती आली की त्याचा बर्फ वितळतो आणि ते पुन्हा कामाला लागतं. त्या अर्थानं अप्पांचं ‘थंडी खाऊन बसलेली चीज’ हे वर्णन मी वर्गात वापरायला हरकत नाही.

त्याच्या फांद्यांवर हवेच्या गाठी असतात. सुरुवातीचा काळ सोडला तर मुख्य फांदीवर वर्षाला साधारण एक गाठ येते. ती मोजली की फांदीचं किमान वय कळतं. मी फोटो मोठा करून दाखवला तसे अप्पा चष्मा सारून मोजायला लागले. “म्हणजे बैलाचे दात पाहतो तसं,” ते म्हणाले. फोटोतली फांदी त्यांच्या हिशोबानं नऊ वर्षांची निघाली. “नऊ वर्षं? इतक्या वर्षांत आमच्या केळीच्या चार पिढ्या होतात.” खरंच हे शेवाळ फार सावकाश वाढतं. म्हणूनच कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये ते लहान होडीतून हाती दाताळ्यानं कापतात, कापणीजोग्या साठ्याच्या १७ टक्क्यांवर हात मारायचा नाही असा तिथे नियम ठेवला गेला, आणि खडकाजवळचा बुंधा राखूनच वरचं कापायचं.

आपल्याकडे हे शेवाळ नाही. भारताच्या किनाऱ्यावर शेवाळांच्या आठशेहून जास्त जाती आहेत, मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सारगॅसम भरपूर मिळतं, पण ॲस्कोफायलम नाही आणि थंड पाण्यातली केल्प या प्रचंड तपकिरी शेवाळाची जंगलंही नाहीत. भारतात शेवाळाच्या अर्काचा जो देशी धंदा आहे तो मुख्यतः कॅपाफायकस या उष्ण पाण्यातल्या लाल शेवाळावर चालतो. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं त्याच्या ताज्या पाल्याचा रस काढून घ्यायचा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ काढायचा अशी पद्धत बसवली. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका बांबूच्या तराफ्यांवर ते वाढवतात. तेही टॉनिकच्या दुकानात ‘सीविड’ याच नावानं येतं. लाल की तपकिरी, उष्ण की थंड, हा फरक बाटलीवर दिसेलच असं नाही. एका नावाखाली दोन वेगळे जीव, दोन वेगळी रसायनं.

तेव्हा पहिला प्रश्न असा पडला: कॅनमध्ये पत्रकावरचंच शेवाळ आहे का?

नळीत अडकलेला पुरावा

याचं उत्तर मी शोधलं नाही, ते अपघातानं मिळालं. तेही अप्पांच्या खर्चानं.

मी कॅन ठेवून घ्या म्हटलं होतं, पण अप्पांच्या धाकट्या मुलाला धीर नव्हता. त्यानं दोन दिवसांत अर्धा लिटर टाकीत ओतला, त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट हे खत होतं, आणि ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी व्हेंच्युरी सुरू केली. पंधरा मिनिटांत दाब पडला. मी संध्याकाळी गेलो तेव्हा डिस्क फिल्टर उघडून पाटावर ठेवला होता आणि चकत्यांमधून काळपट तपकिरी, बुळबुळीत गोळे निघत होते. बोटात धरून ओढले तर ताणत होते. काकू म्हणाल्या, “हे तर शेंबडासारखं आहे.” उपमा अचूक होती.

हे का होतं ते रसायनशास्त्रात स्पष्ट आहे. तपकिरी शेवाळाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनिक आम्ल असतं. थंड समुद्रातल्या लाटांचा मार सोसायला लागणारी लवचिकता त्यातून येते. अर्क काढताना शेवाळ बहुतेक वेळा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसोबत गरम करतात. मग ते विरघळणारं पोटॅशियम अल्जिनेट होतं. त्यात कॅल्शियम आलं की अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि जेली तयार होते. आमचं बोअरचं पाणी आधीच जड, त्यात कॅल्शियम नायट्रेट. मग दुसरं काय होणार?

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी काचेच्या ग्लासात पातळ अर्क घेतला आणि पानवाल्याकडचा चुना पाण्यात कालवून त्याची निवळी थेंब थेंब सोडली. प्रत्येक थेंब पडला तिथे तंतू उमटला. बाजारातली बरीच काळी टॉनिकं ह्युमिक आम्लाची असतात. कॅल्शियमनं तीही साकळतात, पण त्यांचा गाळ भुकटीसारखा बसतो, असा ताणत नाही. म्हणजे कॅनमध्ये काहीतरी तपकिरी शेवाळ होतं. ॲस्कोफायलमच होतं असं यावरून म्हणता येत नाही, सारगॅसमही असंच वागेल. पण नुसतं काळं पाणी नव्हतं, एवढं समाधान अप्पांना झालं. मला वाटतं दुकानदारापेक्षा चुन्याची निवळी त्यांना जास्त पटली.

नळ्यांची टोकं उघडून साध्या पाण्यानं धुतल्या. आम्ल सोडायचा धाकट्याचा बेत मी थांबवला. आम्लात अल्जिनिक आम्ल आणखी घट्ट होऊन बसलं असतं. काही ड्रिपर तरीही गेलेच.

आत काय असतं, काय नसतं

अप्पांनी तोपर्यंत वही काढली होती. त्यांना सांगितलं ते असं.

ॲस्कोफायलमच्या अर्कात मॅनिटॉल असतं, हे त्या शेवाळाचं साखरेसारखं साठवणीचं द्रव्य. अल्जिनेट, लॅमिनारिन, फ्युकॉइडन या लांब साखळीच्या शर्करा असतात. बीटेन असतात. पोटॅश बऱ्यापैकी असतं, पण त्यातला मोठा वाटा समुद्राचा नसतो, अर्क काढताना वापरलेल्या कॉस्टिक पोटॅशचा, म्हणजे त्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, असतो. केळी पोटॅशखाऊ पीक आहे, म्हणून पानाला तेज आल्यासारखं दिसलं तर त्याचं श्रेय आधी या पोटॅशला द्यावं. नत्र नावालाच.

आणि संप्रेरकं, म्हणजे हार्मोन? दुकानात ‘यात नैसर्गिक सायटोकायनिन (पेशींची वाढ घडवणारं संप्रेरक) आहे’ असं छातीठोक सांगतात. असतं, पण फार थोडं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात कॅनडातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की अर्कातल्या संप्रेरकांच्या मात्रेनं तो परिणाम घडू शकत नाही. अर्क दिल्यावर झाड स्वतःच्या संप्रेरकांची जुळवाजुळव बदलतं. म्हणजे टॉनिक हे जेवण नव्हे, ती हाक आहे. हाकेला कोण किती ओ देतं ते पिकावर, जातीवर, वेळेवर अवलंबून.

थंडीबद्दलचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते अप्पांच्या बाजूचं होतं. २००९ मध्ये नोव्हा स्कोशियातल्या गटानं दाखवलं की ॲस्कोफायलमच्या अर्कातल्या तेलात विरघळणाऱ्या घटकांमुळे अराबिडॉप्सिस या छोट्या प्रयोगवनस्पतीची गोठणं सोसण्याची ताकद वाढते. पेशींची पडदी कमी फुटते, थंडीच्या वेळी जागे होणारे जनुक जास्त जोमानं चालतात. मी हे सांगताच अप्पांचा चेहरा खुलला. “मंग? मी काय म्हणत होतो!”

इथेच खरी मेख आहे. अराबिडॉप्सिस मोहरीच्या कुळातली, थंड प्रदेशातली वनस्पती. शून्याखाली जगायची यंत्रणा तिच्यात मुळातच असते, अर्कानं ती फक्त हलवून जागी केली. केळीत ती यंत्रणा तशी नाही, तिचा प्रश्न बर्फाचा नाही, ती १० अंशांनाच कुडकुडते. झोपलेल्याला हाक मारून उठवता येतं. घरात कोणीच नसेल तर? शिवाय तो प्रयोग अर्कातल्या एका वेगळ्या काढलेल्या भागावर होता, कॅनमधल्या काळ्या पाण्यावर नाही. आणि शेवाळ थंडी कशानं सोसतं? त्याच्या पेशी, त्याच्या पडद्या, त्याची घडण यांनी. ते सगळं गरम कॉस्टिकमध्ये शिजल्यावर थंडी सोसायची सवय रसात उतरत नाही. वाघाचं कातडं पांघरलं म्हणून शेळी डरकाळी फोडत नाही.

उलट हे शेवाळ उष्णतेला किती हळवं आहे हे सांगितल्यावर अप्पा चाट पडले. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मिलस्टोन अणुवीज केंद्राचं कोमट पाणी समुद्रात सोडलं जातं. तिथे वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. पाणी थोडं कोमट झालं तेव्हा ॲस्कोफायलम जास्त वाढलं, २७-२८ अंशांवर गेलं तेव्हा मेलं. आमच्या रावेरात मे महिन्यात नळाला येणारं पाणी त्याला जगू देणार नाही.

चार वॉल

तरी प्रयोग केला. उरलेला अर्क होता आणि अप्पांचा विश्वास अजून डळमळला नव्हता. माझाही संशय पुराव्याशिवायचाच होता.

शेताला ठिबकचे चार वॉल, म्हणजे पाणी सोडायचे व्हॉल्व्ह; एकेका वॉलवर शेताचा एकेक पट्टा. जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे सातपुड्याकडून तापीच्या दिशेनं उतरते, शेवटी नाला. पहिला वॉल सर्वांत वर, चौथा नाल्याला लागून. पहिल्या आणि तिसऱ्याला अर्क, दुसऱ्या आणि चौथ्याला नुसतं पाणी. खत सगळीकडे सारखं, कॅल्शियम वेगळ्या दिवशी. प्रत्येक वॉलमध्ये वीस झाडांच्या शेवटच्या पानाच्या देठावर ऑइल पेंटचा लाल ठिपका, पुढे किती पानं निघाली ते मोजायला. प्रयोगशाळेतले दोन किमान-तापमापक आणले: एक वरच्या बांधावर, एक खाली नाल्याजवळ, दोन्ही कमरेच्या उंचीवर.

ही मांडणी सदोष होती हे आधीच कबूल करतो. प्रत्येक उपचाराचे दोनच पट्टे, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. विद्यार्थ्यानं असा आराखडा आणला असता तर मी परत पाठवला असता. पण शेत माझं नव्हतं, आणि वॉल कुठे बसवायचा हे पाइपवाल्यानं दहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

जानेवारीच्या मध्याला एका संध्याकाळी अप्पांनी भरताला बोलावलं. थंडी पडली की आमच्याकडे शेताशेतांत भरीत होतं. पऱ्हाटीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात आणि तेल, सोबत कळण्याची भाकर नाहीतर पुरी. आकाश लख्ख, वारा अजिबात नाही. पऱ्हाटी पेटली तसा धूर निघाला. थोडा वर गेला, आणि मग जणू छताला लागल्यासारखा थांबून आडवा पसरला. तो तसाच पातळ चादरीसारखा केळीच्या ओळींमधून सरकत सरकत नाल्याकडे गेला. मी वांग्याकडे दुर्लक्ष करून ते पाहत राहिलो. काकू म्हणाल्या, “सर, जेवा, धूर काही पळून जात नाही.” पण तो जातच होता, आणि कुठे जातोय तेच महत्त्वाचं होतं.

निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडते. जमिनीला लागलेली हवा गार होते, गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं वाहते आणि सखल जागी साचते. वरची हवा त्या मानानं उबदार राहते, धूर तिच्याखाली अडकतो. अशा रात्री उत्तरेच्या बांधावरच्या शेवरीच्या कुंपणाचा उपयोग शून्य, कारण अडवायला वाराच नसतो. ओला पाला जाळून धूर करण्याचाही फायदा लोक समजतात तितका नसतो. धूर जमिनीची उष्णता अडवत नाही, मदत होते ती आगीच्या उबेची आणि हवा थोडी ढवळली जाण्याची. बोअरचं पाणी मात्र कामाचं. ते जमिनीच्या पोटातून येतं, जानेवारीच्या पहाटेही हाताला कोमट लागतं. त्या रात्री अप्पांनी चारही वॉल आळीपाळीनं चालवले.

सकाळी वरचा तापमापक ९ अंश दाखवत होता. नाल्याजवळचा ६. मधलं अंतर काही पावलांचं.

चरक्याची रेघ

चार-पाच दिवसांनी नुकसान दिसू लागलं आणि अप्पांचा फोन आला, आवाज चढलेला. “सर, या! तुमचं शेवाळ जिंकलं!”

खरोखर पहिल्या नजरेत तसंच दिसत होतं. पहिला वॉल, अर्क दिलेला, हिरवागार. चौथा, अर्क न दिलेला, पानांच्या कडा जळालेल्या, मधे मधे पांढुरके पट्टे. एवढ्यावर थांबलो असतो तर पुढच्या हंगामात दुकानदारानं अप्पांच्या बागेत फोटो काढला असता.

आम्ही ओळीओळीनं चाललो. दुसरा वॉल, अर्काविना, पहिल्याइतकाच ठीक. तिसऱ्यात, अर्क दिलेल्या, गोंधळ होता: पश्चिमेचा अर्धा भाग बरा, पूर्वेचा अर्धा चौथ्यासारखाच जळालेला. चौथ्यात पश्चिमेच्या टोकाला, जिथे जुन्या बांधाची माती पसरून उंचवटा झालाय, तिथली झाडं चांगली. मी अप्पांना जळालेल्या झाडांच्या कडेनं चालायला सांगितलं, फक्त कडेनं. ते चालले तो मार्ग सरळ नव्हता. नाल्यापासून निघाला, तिसऱ्या वॉलमध्ये पूर्वेकडून शिरला, गोल वळला, परत खाली आला. चरक्याची रेघ वॉलच्या पाइपाला धरून गेली नव्हती.

अप्पा मधेच थांबले. पायाखाली पाहिलं, मग नाल्याकडे. “सर, पावसाळ्यात पाणी तुंबतं ना, ते इथवरच येतं. हीच रेघ.”

इतकं नेमकं निदान मला सुचलं नव्हतं. मी तापमापक दोनच लावले होते, अप्पांकडे चाळीस पावसाळ्यांची नोंद होती.

ठिपक्यांची मोजणी महिन्याभरानं केली. पहिल्या वॉलमध्ये दुसऱ्यापेक्षा पानं किंचित जास्त निघाली असं म्हणता आलं असतं, पण तिसऱ्याचा बरा अर्धा भाग दुसऱ्याच्या मागे होता. म्हणजे काहीच म्हणता येत नव्हतं. चार झाडांच्या मुळ्या उकरून पाहिल्या. अर्काच्या बाजूला पांढऱ्या नव्या मुळ्या जास्त वाटल्या, पण कोणत्या बाजूला अर्क आहे हे मला माहीत असताना मी पाहिलं होतं, तेव्हा त्या ‘वाटण्या’ला मी किंमत देत नाही. घड अडकण्याचं प्रमाण सखल पट्ट्यात जास्त होतं, अर्क असो वा नसो.

अप्पा नाराज झाले का? थोडे. पैसे गेले म्हणून नाही, पत्रकावरचा तो बर्फाचा किनारा त्यांना आवडला होता म्हणून. “मंग असल्या गोष्टींचा अभ्यास कोणी करतं कशाला?” असं त्यांनी विचारलं. त्यांना मी कॅथलीन ड्र्यू-बेकरची गोष्ट सांगितली. मँचेस्टरची ही शैवालतज्ज्ञ. लग्न झालं म्हणून विद्यापीठातली अध्यापकाची जागा गेली, तरी संशोधन करत राहिली. वेल्सच्या गार किनाऱ्यावर मिळणाऱ्या पॉर्फायरा या लाल शेवाळाचे बीजाणू तिनं वाढवून पाहिले. शिंपल्यांवर जो बारीक गुलाबी थर दिसतो, ज्याला सगळे वेगळंच शेवाळ समजत, तो याच शेवाळाच्या आयुष्यातला एक टप्पा आहे हे तिनं १९४९ मध्ये दाखवलं. जपानचे नोरी (हेच खाण्याचं शेवाळ) पिकवणारे तोवर दैवाच्या भरवशावर होते, बी कुठून येतं हेच ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर शिंपल्यांवर बी तयार करता आलं. उतो गावी तिचं स्मारक आहे, ती स्वतः जपानला कधी गेली नाही. अप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे तिनं बेणं शोधून दिलं.” बरोबर. पत्रकानं मात्र फक्त उपमा दिली होती.

दुकान, कायदा आणि समुद्र

दुकानात आम्ही दोघं गेलो. भांडायला नाही, पावती मागायला. केंद्रानं फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजक हा वर्ग आणला, त्यात समुद्री शेवाळाच्या अर्काचाही समावेश आहे. तेव्हाच्या आदेशानुसार कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.०१ भागाच्या) वर नको, जड धातूंना मर्यादा. शेवाळाच्या बाबतीत ही मर्यादा कागदी नाही, तपकिरी शेवाळं समुद्रातलं आर्सेनिक अंगात साठवतात. जुन्या तात्पुरत्या परवानगीवर असंख्य टॉनिकं खपत होती, तिची मुदत १६ जून २०२५ ला संपली. दुकानदार बोलायला गोड होता. जात कोणती, कुठून आली, हे त्यालाही माहीत नव्हतं, त्यालाही वरून पत्रकच मिळालं होतं.

मला स्वतःला दुसरीच काळजी लागून राहिली. मेनचं आखात जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा वेगानं तापतंय, हे २०१५ पासून नोंदलेलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ च्या एका उष्णलाटेत किनाऱ्याची सुमारे शंभर किलोमीटर केल्पची जंगलं गेली. ॲस्कोफायलमची एक फांदी उभी राहायला दशक लागतं. आमच्या केळीला थंडी सोसवावी म्हणून ज्याच्याकडे हात पसरले, त्यालाच उष्णता सोसेनाशी झाली आहे. अप्पांना मी हे सांगितलं नाही, त्यांच्यापुढे नाला होता तेवढा पुरे.

उरलेला तीन-चार लिटर अर्क त्यांनी फेकला नाही. मी म्हटलं, फेब्रुवारीनंतर ऊन चढलं, मुळ्या चालू लागल्या की थोडा थोडा सोडा, कॅल्शियमच्या दिवशी नको, आणि फायदा दिसला तरी अर्धी बाग कोरी ठेवा. त्यांनी सोडला. कोरी अर्धी ठेवली की नाही ते मी विचारलं नाही. निसवलेल्या घडांना त्यांनी स्कर्टिंग बॅगा, म्हणजे घड झाकायच्या पिशव्या, घातल्या, तो खर्च मात्र त्यांनी न कुरकुरता केला.

यंदा जूनमध्ये लावणी झाली तेव्हा अप्पांनी दोरी धरून ती पाण्याची रेघ आखली. रेघेच्या वर केळी, खाली मोकळं रान. नोव्हेंबरात त्या सखल पट्ट्यात गहू पेरला. परवा पहाटे त्यांचा फोन आला, आवाजावरून शाल गुंडाळलेली कळत होती. “सर, नाल्यात आज हात गोठतोय.” थोडं थांबून म्हणाले, “गव्हाला झक्कास आहे.”